आम्ही नाही, आम्ही

प्रणाली पुन्हा बसवल्यापासून धनंजय आरवाडे बायकोशी बोलताना 'आम्ही' म्हणत असे आणि इतर सर्वांशी बोलताना 'आपण'.

सकाळी व्यायाम करवून घ्यायला येणाऱ्या सुषमाताईंना तो म्हणे, "आज एवढं पुरे, बाकीचं आपण उद्या करू." पुण्याच्या धाकट्या भावाला, अजितला, फोनवर म्हणे, "आपण निवांत बोलू त्यावर." आणि वैजयंती चहाचा कप घेऊन त्याच्या खुर्चीसमोर बसली, की म्हणे, "संध्याकाळी आम्ही गच्चीत बसू."

गच्चीत ती दोघेच बसत.

वैजयंती वैधमापन खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाली होती. दुकानांचे आणि अडतींचे वजनकाटे तपासण्यात तिचा जन्म गेला होता. चुकीचे माप आणि खोटे माप यांतला फरक ती नवशिक्या सहकाऱ्यांना एका वाक्यात सांगत असे: चुकीचा काटा कधी इकडे कलतो, कधी तिकडे; खोटा काटा नेहमी एकाच बाजूला कलतो. मराठीत 'आपण' म्हटले की ऐकणारा त्यात येतो आणि 'आम्ही' म्हटले की तो बाहेर राहतो, हे शाळेतले पोरही जाणते. धनंजयचा काटा रोज कलत होता, आणि दर वेळी तिच्याच विरुद्ध.

त्याला बोलता येत नव्हते, हे येथे सांगायला हवे. मेंदूच्या देठाशी रक्तस्राव झाला तेव्हापासून मानेखालचे शरीर, जीभ आणि ओठ यांतले काहीच त्याच्या ताब्यात उरले नव्हते. डोळे हलत, कान शाबूत होते, बुद्धीला धक्का लागला नव्हता. सांगलीच्या हळदबाजारात सौदे पुकारण्यात उभी हयात घालवलेला हा माणूस दीड वर्ष पापण्यांच्या उघडझापीवर जगला. मग 'वैखरी' आली.

वैखरीचे तत्त्व साधे आहे. माणूस बोलू पाहतो तेव्हा मेंदूच्या पृष्ठभागावरचा एक पट्टा ओठ, जीभ, जबडा आणि स्वरयंत्र यांना हुकूम सोडतो. हुकूम पोचवणारी वाट तुटली, तरी हुकूम सुटायचे थांबत नाहीत. त्या पट्ट्यावर अंथरलेली, विद्युतग्राहकांची एक पातळ चकती ते टिपते आणि कानामागून खुर्चीला लावलेल्या डबीकडे पाठवते. डबीतली प्रणाली त्यांवरून शब्द ओळखते आणि उच्चारते. धनंजयच्या बाबतीत उच्चाराला त्याचाच आवाज मिळाला होता, कारण सौद्यांची ध्वनिमुद्रणे अडत्यांकडे पडून होती. त्यामुळे त्याचे प्रत्येक वाक्य शेवटी किंचित चढत असे, जणू पुढची बोली मागतो आहे.

यंत्र विचार वाचत नाही. स्नायूंना सुटलेले हुकूम वाचते. त्यामुळे त्याला एक अडचण असते. 'प', 'ब' आणि 'म' या तिन्ही व्यंजनांना ओठ सारखेच मिटतात. फरक पडतो तो मऊ टाळूच्या आणि स्वरयंत्राच्या हालचालीत, आणि ते हुकूम चकतीपर्यंत फार क्षीण पोचतात. अशा जागी प्रणाली संदर्भ पाहते: आधी काय बोलणे झाले, कोण काय म्हणाले, समोर कोण आहे. त्यासाठी डबीला एक कानही दिलेला असतो.

पाचवी आवृत्ती शब्द पुरा होईपर्यंत थांबत असे, म्हणून संभाषण रखडे. सहावी, कंपनीने सर्व जुन्या वापरकर्त्यांना मोफत दिलेली, अर्ध्या शब्दावरच अंदाज बांधून मोकळी होई. धनंजय तिच्यावर खूश होता. पहिले काही आठवडे तिने उत्तम काम केले. पुढे डबी तापू लागली, मधूनच मुकी होऊ लागली. मिरजेच्या सेवाकेंद्राने डबीतला मुख्य फलक बदलला आणि प्रणाली पुसून नव्याने बसवून दिली.

बसवणे सोपे होते. ती सक्रिय करणे सोपे नव्हते. विकत घेतलेल्या प्रणालीबरोबर अक्षरे आणि आकडे मिळून एक चावी मिळते. मोफत मिळालेल्या प्रणालीला चावीच नसते. तिच्यावरचा हक्क कंपनीच्या संगणकात, त्या त्या यंत्राच्या ओळखीशी बांधलेला असतो. यंत्र तेच असेल, तर पुन्हा बसवल्यावर ते आपोआप ओळखले जाते. फलक बदललेले यंत्र कंपनीच्या संगणकाला परके वाटले. तेव्हा वैजयंतीने मदतकेंद्राला फोन लावला, पलीकडच्या यांत्रिक आवाजाच्या प्रश्नांना उत्तरे दिली आणि धनंजय पुन्हा बोलू लागला.

'आम्ही' तेव्हापासून सुरू झाले.

वैजयंतीने प्रथम यंत्रावरच संशय घेतला, कारण माणसावर घेण्यापेक्षा ते सोयीचे होते. पण आवृत्ती तीच होती. आधीही सहावी, नंतरही सहावी. तिने सेवाकेंद्रातल्या नाझिया मुजावर या अभियंता मुलीला फोन केला.

"यंत्र शब्द बदलतं का गं कधी?"

"बदलतं की काकू. शंभरात एखादा इकडचा तिकडे होतो."

"एकच शब्द? सारखा?"

"छे. चुकलं तर कुठेही चुकेल. एकाच जागी कसं चुकेल?" नाझिया म्हणाली. "का हो, काका काय बोलले?"

"काही नाही," वैजयंती म्हणाली. माझा नवरा मला 'आपण' म्हणत नाही, ही तक्रार कोणत्याही सेवाकेंद्राकडे नोंदवण्याजोगी तिला वाटली नाही.

मग ती बारकाईने ऐकू लागली, आणि आणखी एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. धनंजयच्या बोलण्यातून 'तू' नाहीसा झाला होता. पूर्वी तो म्हणे, "तू जेवून घे." आता म्हणे, "जेवून घेतो." नळीने अन्न घेणाऱ्या माणसाने जेवून घेतो म्हणावे, हे विचित्र होते, पण सर्वांत जास्त टोचले ते हे, की तो तिला हाक मारीनासा झाला होता. सुषमाताईंना मात्र, "तुम्ही आज उशीर केलात," असे चोख ऐकवी.

अजित आला तो अशातच. त्याने आल्या आल्या सांगून टाकले.

"वहिनी, आमच्या बिल्डिंगमधला खालचा फ्लॅट रिकामा झालाय. दादाशी फोनवर बोललोय मी. तो तयार आहे. आपण सगळे जवळ राहू, डॉक्टर हाकेच्या अंतरावर. पुढच्या रविवारी गाडी घेऊन येतो, दादाला आधी नेतो. तुम्ही इथलं आवरून मागनं या."

"मागनं," वैजयंती म्हणाली.

"म्हणजे सामान वगैरे असेल ना."

"माझ्याशी कुणी बोललं नाही, भावजी."

"दादा म्हणाला, मी सांगतो तिला."

अजित गाडीतली पिशवी आणायला खाली गेला. वैजयंतीने खुर्ची ओढली आणि नवऱ्यासमोर बसली.

"काय ठरलंय तुमचं?"

"आम्ही पुण्याला जाऊ," धनंजयच्या आवाजात डबी म्हणाली.

"आम्ही म्हणजे कोण?"

"तो आणि मी."

धनंजयचे डोळे विस्फारले. बुबुळे डबीकडे गेली, तिच्याकडे आली. डबी पुन्हा बोलली.

"आम्ही नाही. आम्ही."

"कळलं. दोनदा सांगायला नको."

"आम्ही नाही. तो. तो नाही, तो."

तिने जुन्या पद्धतीने विचारले, "'आपण' म्हणायचं होतं का?" त्याने एकदा पापणी मिटली. एकदा म्हणजे होय.

दुसऱ्या कोणाला तेवढ्यावर समाधान वाटले असते. पण काटा खोटा निघालेला प्रत्येक दुकानदार तिला हेच सांगत आला होता: बाई, माझ्या मनात काही नाही, काटाच बिघडलाय. त्यांतल्या काहींचे खरेही असे. पण ते त्यांच्या तोंडावरून कधी ठरले नव्हते.

"जा तुम्ही दोघं भाऊ," ती उठत म्हणाली. "मी इथेच बरी आहे."

धनंजयने डोळे मिटले आणि मिटूनच ठेवले. पापण्या बराच वेळ मिटलेल्या राहिल्या, की डबी झोपी जाते. नंतरचे दिवस त्याने ती फक्त सुषमाताईंसाठी आणि अजितच्या फोनसाठी जागी केली. वैजयंती खोलीत आली, की डोळे मिटत. ती त्याला पुसून घेई, कूस बदलून देई, नळीतून अन्न देई, आणि दोघांपैकी कोणी बोलत नसे. तीस वर्षे ज्याच्या आवाजाने तिचे कान किटले होते, त्याच्या गप्प राहण्याचा तिला अर्थ लावता येत नव्हता. तो रागावला होता, की पकडला गेला होता? रविवारी गाडी येणार होती. ती त्याला घेऊन गेली असती, तर वैजयंती मागाहून गेली नसती. हे तिने मनाशी पक्के केले होते, आणि ती मनाशी पक्के केलेले फिरवणाऱ्यांतली नव्हती.

गुरुवारी तिचा घसा बसला.

हवा बदलली होती, धूळ होती. विशेष काही नव्हते. सुषमाताईंना दार उघडताना तिच्या तोंडून नुसती घरघर बाहेर पडली. "काय हो, आवाज कुठे गेला?" सुषमाताईंनी विचारले. "विकला," वैजयंती खरखरत म्हणाली.

आतल्या खोलीत धनंजयने डोळे उघडले. व्यायाम संपला, सुषमाताई गेल्या. वैजयंतीने सवयीने विचारले, "उशी वर घेऊ?"

"घे. आणि तू काढा करून घे," डबी म्हणाली.

वैजयंती उशी हातात धरून उभी राहिली. हा 'तू' तिने किती दिवसांनी ऐकला होता, हे तिला सांगता आले नसते. तिच्या मनात पहिला विचार आला तो तिच्या स्वभावाला धरूनच होता: माणूस आजारी पडला, की सगळेच गोड बोलतात.

"घेते," ती म्हणाली.

"आपण अजितला थांबायला सांगू."

"कोणी सांगू?" तिने घोगऱ्या आवाजात विचारले.

"आपण. बहिरी झालीस का?"

तिने काढा घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी आवाज पुष्कळसा मोकळा झाला होता. तिने खिडकी उघडत विचारले, "झोप लागली का?"

"लागली. तो काढा घेतला का?"

वाक्यात व्याकरणाची एकही चूक नव्हती. काढा पुल्लिंगी, तो काढा. पण आदल्या दिवशीचा 'तू' आणि आजचा 'तो' यांत एवढेच अंतर होते, की तिचा घसा सुटला होता. हे तिला नवऱ्याच्या संदर्भात कुठेच बसवता येईना. माणसाच्या मनात कपट असेल किंवा माया असेल. पण यांतले काहीच बायकोच्या घशाच्या सुजेबरोबर चढत-उतरत नाही. जे अशा रीतीने चढते-उतरते ते उपकरण असते.

काटा तपासताना निरीक्षक मालाकडे पाहत नाही. माहीत असलेले वजन ठेवतो, उचलतो, पुन्हा ठेवतो. वैजयंती खुर्चीसमोर बसली. धनंजयचे डोळे मिटू लागले होते.

"मिटू नका," ती म्हणाली. "मला तुमच्यावर विश्वास ठेवायला सांगू नका, अजून नाही. पण मी विचारीन त्याचं दर वेळी तेच उत्तर द्या. मुद्दाम तेच."

त्याने एकदा पापणी मिटली.

तिने अंगठा आणि बोट यांच्यात स्वतःचे नाक घट्ट दाबले आणि विचारले, "पुण्याला कोण जाणार?" तो आवाज नाटकातल्या म्हाताऱ्या राक्षसिणीचा वाटावा असा निघाला.

"आपण," डबी म्हणाली. "तू आणि मी. कधीपासून सांगतोय."

तिने नाक सोडले. "पुण्याला कोण जाणार?"

"आम्ही. तो आणि मी. कधीपासून सांगतोय."

पुन्हा नाक दाबले. "आपण. तू आणि मी." पुन्हा सोडले. "आम्ही. तो आणि मी." मग तिने क्रम उलटा केला, कारण क्रम न बदलता केलेली तपासणी न्यायालयात टिकत नाही. मग कप तोंडाशी धरून बोलून पाहिले, मग शेजारच्या बाईंना बोलावून त्यांच्याकडून तोच प्रश्न विचारवून घेतला. शेजारच्या बाई हातातला लाटण्याचा पिठाचा गोळा तसाच घेऊन आल्या होत्या. त्यांना "आपण" हे उत्तर मिळाले आणि त्या संभ्रमात पडून परत गेल्या, कारण पुण्याला जायचा त्यांचा काही बेत नव्हता.

वैजयंतीने शेवटचे नाक दाबले, तेव्हा डबी म्हणाली, "सोड आता. वेसण घातलेल्या म्हशीसारखी दिसतेस."

ती हसली नाही. नाक मात्र तिने जरा वेळ दाबूनच ठेवले.

"मी तुम्हाला जा म्हटलं ते," तिने त्या गेंगाण्या आवाजातच विचारले, "तेव्हा तुम्ही काय म्हणत होता?"

"आम्ही नाही, आपण. तो नाही, तू." वाक्याचा शेवट नेहमीसारखा चढला. "आणि डबी सगळं उलटं ओरडत होती. आधीही चुकायची, पण तुला कळतंय असं वाटायचं. तोंड उघडलं की खड्ड्यात. म्हणून गप्प राहिलो."

तिने अजितला फोन लावला. "भावजी, रविवारची गाडी थांबवा. एक काटा तपासायचा राहिलाय."

"कसला काटा, वहिनी? तुम्ही रिटायर झालात ना?"

"एकच राहिला होता," ती म्हणाली.

नाझिया दुपारीच आली. सडपातळ, बोलकी मुलगी. पायातले बूट काढता काढता तिने अर्धी हकीकत ऐकून घेतली होती. तिने डबीला आपला संगणक जोडला, काही वेळ पाहिले आणि तोंडाचा चंबू केला.

"काका, तुम्हाला अजिबातच बोलता येत नाही ना? थोडंसुद्धा?"

"बोलता आलं असतं तर तुझ्या डबीची मिजास चालवून घेतली असती का?" धनंजय म्हणाला. विचारणारी नाझिया होती, त्यामुळे 'तुझ्या' व्यवस्थित आले.

"मग इथे वापरकर्त्याचा आवाज नोंदलेला कसा? आणि तोही बाईचा?"

"नीट सांग," वैजयंती म्हणाली.

"काकू, वैखरी वापरणाऱ्यांतल्या पुष्कळांना जरासं बोलता येतं. अडखळत, अस्पष्ट. त्यांचा तो आवाज डबीच्या कानावर पडला, की तिला वाटायचं, दुसरंच कोणी बोलतंय. म्हणून ज्याचं यंत्र त्याचा आवाज आधी ओळखून ठेवायचा. मग तो आवाज आला, की डबी समजते, हा आपला माणूस स्वतःशी बोलतोय, ऐकणारा कोणी नाही. काकांची ती जागा पहिल्यापासून रिकामी होती. अपग्रेड झालं तेव्हाही रिकामीच आली. आता भरलीय. कधी भरली बघू." तिने बोट फिरवले. "सक्रिय केलं त्या दिवशी. फोनवरून."

मदतकेंद्राचे संभाषण कंपनीकडे साठवलेले होते. नाझियाने ते मागवले आणि लावले. पलीकडचा यांत्रिक आवाज अतिशय सभ्य होता. त्याने यंत्राचा क्रमांक विचारला, गाव विचारले. मग विचारले:

"हे उपकरण आपणच वापरता ना?"

आणि वैजयंतीचा खणखणीत आवाज आला: "हो, आपणच वापरतो. दुसरं कोण वापरणार?"

"धन्यवाद. आपला आवाज नोंदवला आहे."

"त्याला 'तुम्ही' म्हणायचं होतं," वैजयंती म्हणाली.

"आदराने विचारतात काकू. सगळ्यांनाच."

"मला वाटलं, आपण म्हणजे आम्ही. हे आणि मी. घरातली माणसं वापरता ना, बाहेर कुणाला दिलं नाही ना, असं विचारतोय. वापरता म्हणाला, वापरतो नाही, हे मी ऐकलंच नाही."

"आणि 'आवाज नोंदवला' ते ऐकलंत?" नाझियाने विचारले.

"ऐकलं. वाटलं, तक्रारीसाठी नोंदवतात तसं."

"काढून टाकू?"

"काढ."

नाझियाने नोंद पुसली. वैजयंतीने नवऱ्याकडे पाहिले आणि नाकाला हात न लावता विचारले, "पुण्याचं काय करायचं?"

"आपण जायचं की नाही ते तू ठरव," धनंजय म्हणाला. "मी नुसता हो म्हणालो होतो. तुझ्याशिवाय नव्हे."

"आधी फ्लॅट बघते. भावजी सांगतात तेवढा मोठा नसणार तो."

कारण असे होते. सक्रियीकरणाच्या वेळी विचारणाऱ्या आवाजाने 'आपण' हा शब्द आदरार्थी 'तुम्ही' या अर्थाने वापरला आणि वैजयंतीने तो 'आपण दोघे' या अर्थाने घेऊन होकार दिला. त्या होकारातला तिचा आवाज धनंजयचा म्हणून नोंदला गेला. तेव्हापासून ती बोलली, की डबीला ऐकू येई तो धनंजयच. खोलीत मग बोलणारा तेवढा उरे. ऐकणारा कोणी उरत नसे. ज्या बोलण्याला ऐकणारा नाही, त्यात 'आपण' आणि 'तू' हे शब्द संभवत नाहीत, म्हणून अर्ध्या शब्दावर निर्णय घेणारी प्रणाली ओठ मिटताच 'आम्ही' निवडी आणि ओठांचा चंबू होताच 'तो'. घसा बसल्यावर तिचा आवाज नोंदीशी जुळेना, तेव्हाच काय ती डबीच्या लेखी खोलीत दुसरी व्यक्ती आली. एरवी यंत्राच्या हिशेबी ती दोघे एकच माणूस होती.